डाव्या हाताची भट्टी

माझ्या हुद्द्याचं नाव लांबलचक होतं: तांत्रिक पडताळणी अधिकारी. काम मात्र सोपं. संशय घ्यायचा. बत्तीस वर्षं मी पगार घेऊन संशय घेतला आणि त्यातली बरीच वर्षं बीड जिल्ह्यात काढली.

बाहेरच्या माणसाला हे काम समजावून सांगायला लागतं. सरकार सौरपंपाला, गोबरगॅसला, काडीकचऱ्यापासून जळण बनवणाऱ्या कारखान्याला अनुदान देतं. अलीकडे तर कुणी धूर, कचरा, इंधन कमी करणारं नवं काही शोधून काढलं तर त्यालाही निधी मिळतो. कागद वर मंजूर होतात. पण कागदावरचं यंत्र जमिनीवर आहे का, असेल तर चालतं का, आणि चालत असेल तर ते अर्जदाराचंच आहे का, हे बघायला कुणाला तरी जागेवर जावं लागतं. ते जाणं माझ्याकडे होतं. यंत्र अभियांत्रिकीची पदविका, खिशात मोजपट्टी, पर्समध्ये बॅटरी, आणि कार्यालयाची जुनी जीप. जीप चालवायला रज्जाकभाई. ते माझ्याआधी दहा वर्षं त्या जिल्ह्यात फिरलेले, त्यामुळे रस्ता आणि माणूस दोन्ही त्यांना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक.

लोक फसवायला किती मेहनत घेतात, हे या नोकरीत कळलं. शिरूर कासारकडच्या एका गावात गोबरगॅस बघायला गेले होते. मालकानं शेगडी पेटवून दाखवली. ज्योत निळी, जोरदार. वर चहाचं आधणही ठेवलं. मी म्हणाले, जनावरं दाखवा. गोठ्यात एक म्हैस बांधलेली. मालक ऐटीत तिच्या पाठीवर थाप मारायला गेला, तर म्हशीनं असा हिसका दिला की दावं तुटायचंच बाकी राहिलं. तो पुन्हा जवळ गेला, ती पुन्हा उधळली. तेवढ्यात कुंपणापलीकडून एक म्हातारी ओरडली, "आरं, लांब हो तिच्यापून! ती माज्याबिगर कुनाला जवळ यिऊ देत न्हाई!" म्हैस तिची होती. मागच्या भिंतीला लागून स्वयंपाकाचा सिलिंडर उभा होता आणि शेणाच्या टाकीत शेळ्या बसल्या होत्या. चहा मात्र चांगला झाला होता. आम्ही पिऊन निघालो.

असं पाच-पन्नास वेळा झालं की माणसाची नजर बदलते. मी यंत्राकडे बघायच्या आधी त्याच्या आजूबाजूला बघायला शिकले. यंत्रापर्यंत जाणारी पायवाट मळलेली आहे का? दांड्यावरचा रंग हात लागून गेलेला आहे का? नवं यंत्र एका दिवसात उभं करता येतं, झीज एका दिवसात करता येत नाही. नवीन माणूस हाताखाली आला की मी त्याला हे आधी सांगायची. झीज बघ. बाकीचं नंतर.

आणि हा नियम मी स्वतःच एकदा विसरले. त्याचीच हकीकत सांगायची आहे.

निवृत्तीला दीड-एक वर्ष उरलं होतं. हरित तंत्रज्ञानातल्या नव्या शोधांसाठी निधी आला होता आणि आमच्या जिल्ह्यातून जे थोडे अर्ज गेले, त्यातले दोन एकाच दिवशी माझ्या टेबलावर आले. दोन्ही बिनधुराच्या खवा भट्टीचे.

खवा करणं हा आमच्याकडचा जुना धंदा. मोठ्या कढईत दूध ओतायचं, खाली जाळ लावायचा आणि दूध आटेपर्यंत लांब उलथन्यानं घोटत बसायचं. लाकूड बेसुमार लागतं आणि धूर सगळा घोटणाऱ्याच्या तोंडावर. घोटणारी बहुतेक बाईच असते. खव्याच्या गावात बायकांचे डोळे बघितले की भट्टी घरात आहे का शेजारी, ते कळतं.

पहिला अर्ज होता एका कंपनीचा. मालक आप्पासाहेब. खरं नाव लिहीत नाही, आणि लिहायची गरजही नाही, कारण जिल्ह्यात असे आप्पासाहेब कमी नाहीत. जमीनदार, दोन-तीन संस्थांवर संचालक, प्रत्येक लग्नात पुढच्या खुर्चीवर. धारूरच्या रस्त्याला त्यांचा काडीकचऱ्याच्या जळणाच्या विटा पाडायचा कारखाना उभा राहत होता आणि त्याच आवारात ही ‘संशोधित’ भट्टी. दुसरा अर्ज नेकनूरजवळच्या एका वस्तीवरच्या मथुराबाईंचा. शिक्षण चौथी. व्यवसाय शेती व खवा. अर्जाला जोडलेला आराखडा कॉम्प्युटरवर काढलेला, मापं मिलिमीटरमध्ये.

चौथी शिकलेली बाई आणि मिलिमीटरमध्ये मापं. संशय आला की माझा डावा कान गरम होतो; तो तिथंच झाला. मग मी दोन्ही फायली शेजारी ठेवल्या. दोन्हींच्या कव्हरवर ‘धुरविरहित’ असं छापलेलं. ‘धूर’ दोन्हीकडे ऱ्हस्व. माझे वडील मराठीचे मास्तर होते, ऱ्हस्व-दीर्घ मला लांबून टोचतं. चूक सारखी म्हणजे लिहिणारा हात एक. आराखड्याच्या रेषाही एका घरातल्या. स्त्री अर्जदाराला या योजनेत प्राधान्य होतं. तेव्हा हिशेब सरळ दिसला: आप्पासाहेबांनी एक अर्ज स्वतःच्या नावानं टाकला आणि दुसरा कुठल्या तरी बाईला पुढं करून. हा प्रकार मी इतक्या वेळा पाहिला होता की नेकनूरला जायच्या आधीच माझा शेरा मनात तयार होता.

वस्ती रस्त्यापासून आत होती. दोन घरं, प्रत्येकाला एक छपरी, समोर लिंबाचं झाड. पहिल्या छपरीत एक बाई बसली होती, चाळिशी ओलांडलेली, काटक. डाव्या हातानं उलथनं फिरवत होती. कढईखाली एक जाड पत्र्याचा ड्रम, आतून विटा आणि मातीनं लिंपलेला, कडेला मातीचीच लहानशी फळी आणि तिच्यावर चहाचं पातेलं. ड्रमच्या बुडाशी भंगारातल्या कॉम्प्युटरचा पंखा बसवलेला आणि त्याची वायर छपरावरच्या एका लहानशा सौर पाटीला गेलेली. कढईखाली ज्योत स्वच्छ पेटलेली. धूर नव्हता. शेजारच्या घराच्या छपरीतून मात्र पांढऱ्या धुराचे लोट येत होते आणि त्यात कुणीतरी खोकत होतं.

"ती कोण?" मी विचारलं.

"माजी जाऊ, कौशल्या. तिची जुनीच भट्टी हाय," मथुराबाई म्हणाल्या. "पैका मंजूर झाला की पयली भट्टी तिलाच करायची."

मी कागद काढले. "हे यंत्र कुणी तयार केलं?"

"म्याच."

"पंख्याच्या हवेचा वेग किती ठेवलाय?"

"येग-बिग मला ठावं न्हाई, म्याडम. जाळ बगून दांडा सरकवते."

"आराखडा कुणी काढला?"

"बीडच्या हापिसात. त्या सल्लागारानं."

"आप्पासाहेबांना ओळखता?"

उलथनं थांबलं. मी माणसांचे चेहरे वाचायला शिकले होते, निदान तसा माझा समज होता. त्या बाईच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. ती छपरीच्या बाहेर बघत म्हणाली, "त्येनला कोन वळखत न्हाई? आमी त्येंच्याच रानात बटईनं हाव."

बटई म्हणजे जमीन दुसऱ्याची, कष्ट आपले, पीक निम्मं-निम्मं. माझं कोडं सुटलं. त्यांच्या जमिनीवर राबणारी बाई, त्यांच्याच सल्लागारानं काढलेला आराखडा आणि नाव घेताच उडालेला रंग. मी आणखी दोन-चार प्रश्न विचारले. ती हो-नाहीच्या पलीकडे एक शब्द बोलली नाही. चहा विचारला, मी नको म्हणाले.

जीपमध्ये बसल्या बसल्या गुडघ्यावर फाईल ठेवून मी शेरा लिहिला: "अर्जदार नामधारी असण्याची शक्यता नाकारता येत नाही. प्रस्ताव स्थगित ठेवावा."

रज्जाकभाई आरशातून बघत होते. मी ज्या प्रकारे पेनाचं टोपण लावलं त्यावरून त्यांना निकाल कळला असावा.

"मॅडम, एक बोलू का?"

"बोला."

"तुमीच म्हणता, झीज बगा. भट्टीचा तो दांडा बगितला का? लाकडाची मूठ हाय त्याला. बोटं बसायचे खळगे पडलेत. नाटक करायला आणलेल्या चीजेला असे खळगे पडत न्हाईत."

"यंत्र खोटं आहे असं मी म्हणतच नाही, रज्जाकभाई. बाई खोटी आहे."

त्यांनी जीप चालू केली. मला त्यांचा थोडा रागच आला होता. माझाच नियम त्यांनी मला ऐकवला होता.

आप्पासाहेबांच्या कारखान्याची पडताळणी तीन आठवड्यांनी लागली. तिथं गेल्यावर दारातच माझा संशय दुप्पट झाला, कारण शाल आणि नारळ तयार होते. ज्या ठिकाणी अधिकाऱ्याला शाल मिळते, त्या ठिकाणी मी नट-बोल्ट दोनदा बघते. खुर्च्यांना पांढरे अभ्रे, टेबलावर काजू, भिंतीवर हिरव्या पानांचं मोठं चित्र. आप्पासाहेब स्वतः हजर. गोड बोलणारा माणूस.

"मॅडम, आपला जिल्हा म्हणलं की लोकाला दुष्काळ आन् ऊसतोड, दुसरं काय दिसत न्हाई. आता बगा तुमी. आमच्या संशोधन टीमनं दोन वर्सं खपून ही भट्टी केली."

भट्टी चकचकीत स्टीलची होती. कढई नवी, पंखा नवा, सौर पाटी चांगली मोठी. पांढरा कोट घातलेला एक ऑपरेटर उभा होता. त्यानं कापसाच्या पळाट्या, म्हणजे कापूस वेचून झाल्यावर रानात उरतात त्या वाळक्या काड्या, ड्रममध्ये भरल्या आणि पेटवल्या. जाळ चांगला लागला. त्यानं उजव्या हातात उलथनं घेतलं. जाळ मंदावला तशी हवा वाढवायची वेळ आली. हवेचा दांडा होता डाव्या अंगाला, अगदी खाली. आता उजव्या हातानं घोटणाऱ्या माणसानं डावीकडचा दांडा डाव्या हातानं सहज दाबता यायला हवा. पण दांड्याची मूठ अशा कोनात वाकवलेली होती की डावीकडं कलून डाव्या हातानं घोटणाऱ्यानं उलथनं क्षणभर सोडून, त्याच हातानं खाली दाबलं तरच ती नीट दबायची; उजवीकडं कलून बसलेल्याचा डावा हात तिथं उलटा पडायचा. ऑपरेटरनं आधी मनगट उलटं करून बघितलं, मग उलथनं ठेवून, अंग वळवून उजव्या हातानं खाली गेला. कोपर ड्रमला लागलं. चटका बसला. तो पाहुण्यांसमोर ओरडला नाही, पण डोळ्यांत पाणी आलं.

"दांडा या बाजूला का?" मी विचारलं.

"डिझाइनच तसं आहे, मॅडम."

"मूठ अशी वाकडी का?"

"तेही डिझाइनमध्येच आहे."

मी खाली वाकले. ड्रमच्या डाव्या कडेला, दांड्याच्या वर, तळहाताएवढी एक फळी बाहेर काढलेली होती. स्टीलची, छान गोल कोपऱ्यांची. अशीच फळी मी कुठंतरी पाहिली होती. मातीची. तिच्यावर चहाचं पातेलं ठेवलेलं होतं.

"हे कशासाठी?"

ऑपरेटरनं आप्पासाहेबांकडे पाहिलं. आप्पासाहेबांनी जराही न अडखळता सांगितलं, "ते सेन्सर बसवायला. पुडच्या टप्प्यात."

मला हसू आलं नाही.  त्या दोन भट्ट्यांचा संबंध आहे, हे मी बरोबर ओळखलं होतं. फक्त चोर कोण, ते उलटं धरलं होतं. ही भट्टी एका डावखुऱ्या बाईनं स्वतःच्या हाताला, स्वतःच्या बसण्याला आणि स्वतःच्या चहाला जुळेल अशी केली होती, आणि यांनी ती तिच्या चहाच्या फळीसकट उचलली होती.

शाल घेतली नाही. जीपमध्ये बसले आणि म्हणाले, "रज्जाकभाई, नेकनूर."

"धारूरहून सीधं नेकनूर?"

"सीधं."

त्यांनी जीप वळवली. सबंध रस्ताभर एकदाही "मी बोललो होतो" असं म्हणाले नाहीत, याबद्दल मी आजही त्यांची ऋणी आहे.

मथुराबाई छपरीतच होत्या. मला बघून उभ्या राहिल्या नाहीत. मी चप्पल काढून त्यांच्या समोर जमिनीवर बसले आणि सरळ विचारलं, "तुमची भट्टी त्यांनी चोरली का?"

त्यांनी उलथन्यानं कढईची कड खरवडली. मग म्हणाल्या, "तुमी कुनाच्या?"

"म्हणजे?"

"मागच्या खेपंला गाडीतून उतरलात, कागद काडला आन् त्येंचंच नाव घेतलं. मला वाटलं, त्येनीच धाडलंय तुमाला, मी काय बोलते ते ऐकाया. म्हनून म्या गप बसले."

मी तिच्यावर संशय घेत होते त्याच वेळी ती माझ्यावर घेत होती. तिच्या तोंडावरचा जो रंग उडालेला मी पाहिला, तो मला बघून उडाला होता.

मग तिनं सगळं सांगितलं. तिच्या जुन्या भट्टीची बुडाची वीट एकदा निखळली. दुरुस्त करायला सवड नव्हती, म्हणून तशीच पेटवली, तर खालून वारा आत शिरला आणि वर येणारा धूरच भप्पकन पेटला. "म्या म्हनलं, आगं बया, हा धूर बी जळतोय की! मंग इतकी वर्सं आमी तो डोळ्यात कावून घेतला?" धूर म्हणजे न जळलेलं जळण, हे मला पदविकेच्या दुसऱ्या वर्षात शिकवलं होतं. तिला ते एका निखळलेल्या विटेनं शिकवलं. पुढची दोन वर्षं ती भोकं पाडत होती, बुजवत होती. किती भोकं, कुठं, किती उंचीवर. छपरीच्या मागच्या भिंतीवर कोळशानं काढलेली वर्तुळं होती, एकावर एक, खोडलेली, पुन्हा काढलेली. पहिल्या खेपेला मी त्या भिंतीकडे गेलेच नव्हते.

योजनेचं कुणीतरी सांगितलं म्हणून ती बीडला सल्लागाराकडे गेली. तो मापं घ्यायला वस्तीवर आला, फोटो काढले, अर्ज भरून दिला. महिन्याभरानं आप्पासाहेबांचा माणूस आला. म्हणाला, साहेबांनी अशीच भट्टी आधीच केली हाय, तुमी गप ऱ्हावा, रान कसायचं असंल तर.

"मग अर्ज मागे का नाही घेतला?"

"कावून घिऊ?" ती पहिल्यांदाच माझ्याकडे नीट बघत म्हणाली. "म्या केलीय ती."

पलीकडच्या छपरीत कौशल्या खोकत होती.

दुसऱ्या दिवशी मी कार्यालयात माझ्याच शेऱ्याखाली दुसरा शेरा लिहायला घेतला. आमचे साहेब सज्जन माणूस, पण सज्जन माणसाला फाईलची भीती जास्त वाटते. ते म्हणाले, "अहो, तुम्ही स्वतःचंच खोडताय. उद्या कुणी विचारलं, आधी का तसं लिहिलं, तर?"

"चुकलं म्हणून सांगेन."

"चुकलं असं लिहिता येतं का फायलीत?"

मला ठाऊक नव्हतं. तोवर कधी लिहिलं नव्हतं. मी लिहिलं: "दि. अमुकची माझी नोंद चुकीची असून ती मी मागे घेत आहे." आणि पुढे मागणी केली की दोन्ही अर्जदारांनी योजनेच्या तज्ज्ञ समितीसमोर, समितीनं दिलेल्या जळणावर भट्टी स्वतः चालवून दाखवावी.

संध्याकाळी फोन आला. आप्पासाहेबांचा आवाज नेहमीसारखाच गोड. "मॅडम, रिटायरमेंट जवळ आली म्हनं तुमची. या वयात बदली-बिदली लई तरास देती बगा. आमी हाव, काळजी करू नका." मी आभार मानून फोन ठेवला.  घरी सांगितलं नाही. त्यांचं गोड बोलणं आणि बदलीचा उल्लेख एकत्र आला होता, आणि या जिल्ह्यात ते कसं ऐकायचं हे मला कळत होतं.

चाचणी बीडमधल्या एका तंत्रनिकेतनाच्या आवारात ठेवली. आप्पासाहेबांकडून कुणी आलं नाही. यंत्रात ‘सुधारणा चालू’ असल्याचं पत्र आलं. मथुराबाई आणि त्यांचे यजमान टेम्पोत ड्रम घालून आले. समितीचे तीन प्राध्यापक गोलाकार उभे राहिले. एकानं विचारलं, "औष्णिक कार्यक्षमता किती आहे?"

"तुमी आधी खाली बसा," मथुराबाई म्हणाल्या. "उभ्यानं भट्टी कळत न्हाई."

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि पँटी सावरत उकिडवे बसले. समितीनं मुद्दाम अर्धवट ओल्या पळाट्या आणल्या होत्या. तिनं एक काडी कानाशी नेऊन मोडली. आवाज ऐकला. दुसरी मोडली. मग कोरड्या खाली आणि ओल्या वर अशा रचल्या, दांडा जवळजवळ बंद केला आणि पेटवलं. आधी धूर निघाला, भरपूर. एक प्राध्यापक रुमाल शोधू लागले.  तिनं वर बघितलंही नाही. धुरात हात फिरवून बोटांच्या टोकांनी काहीतरी अजमावलं आणि दांडा दोन बोटं खाली दाबला. भप्पकन ज्योत वर आली आणि धूर जागच्या जागी नाहीसा झाला. मग ती दुपारपर्यंत घोटत बसली. प्राध्यापकांतले सगळ्यात वयस्क होते ते वहीत काही न लिहिता नुसते बघत होते. शेवटी त्यांनी विचारलं, "बाई, ही वरची भोकं तिरकी का पाडलीत?" तिनं सांगितलं. त्यांनी ते लिहून घेतलं आणि मला बाजूला घेऊन म्हणाले, "हे मी वर्गात शिकवतो, पण मला तिरकी पाडायचं सुचलं नसतं."

इथं गोष्ट संपायला हवी होती. पण सरकारी कामात सिद्ध होणं आणि मिळणं यांच्यात बरंच अंतर असतं. माझ्या पहिल्या शेऱ्यामुळे प्रस्ताव स्थगित झाला होता. स्थगिती उठेपर्यंत त्या वर्षाचा निधी संपला. पुढच्या वर्षी नियम बदलले, नवा नमुना आला, जुने अर्ज नव्या नमुन्यात भरून मागितले. तेवढ्यात आप्पासाहेबांनी मथुराबाईंच्या घराकडून रान काढून घेतलं. आप्पासाहेबांची भट्टी नामंजूर झाली, पण त्यांच्या विटांच्या कारखान्याला गुंतवणुकीच्या दुसऱ्या योजनेतून अनुदान मिळालं. पडताळणीला दुसरा अधिकारी गेला होता. तो कारखाना खरोखर चालतो, हेही मी प्रामाणिकपणे सांगायला हवं. नंतर मी एकदा उगाच तिथं जाऊन दांड्यांची झीज बघून आले.

मंजुरी आली तेव्हा वर्ष उलटून गेलं होतं. अखेरची पडताळणी माझ्याकडेच आली. माझ्या नोकरीतली ती शेवटून तिसरी.

वस्तीवर पोचले तर दोन्ही छपऱ्यांत बिनधुराच्या भट्ट्या होत्या. दुसरी तिनं मंजुरीची वाट न बघता, भंगारातलं सामान गोळा करून बांधली होती. पण त्या भट्टीपुढे कौशल्या नव्हती, कौशल्याची सून होती. तिच्यासाठी दांडा उजवीकडं केला होता. कौशल्या लिंबाखाली बाजेवर बसलेली. मी कोण ते कळल्यावर तिनं उठायचा प्रयत्न केला, दोन पावलं आली आणि खांबाला धरून श्वास घेत उभी राहिली. डॉक्टरांनी तिला भट्टीजवळ बसायला कायमची मनाई केली होती. "ह्या वर्सी लई वाडलं," मथुराबाई एवढंच म्हणाल्या. माझ्यावर आरोप केला नाही. कोणतं वर्ष, ते आम्हा दोघींना ठाऊक होतं.

मी कागद काढले, तर त्यांनी हात पुढे केला. "म्याडम, तुमचं वळखपत्र दावा."

"मथुराबाई, मला ओळखत नाही का?"

"वळखते. तरी बी दावा."

मी दाखवलं. त्यांनी फोटो आणि माझा चेहरा दोनदा ताडून पाहिला. मग म्हणाल्या, "आता जे काय लिवायचं ते हितं बसून लिवा. गाडीत न्हाई. आन् लिवलं की मला वाचून दावा."

रज्जाकभाई झाडाखाली उभे होते. हसू लपवायला त्यांनी चटकन पाठ फिरवली.

मी जमिनीवर बसून लिहिलं आणि मोठ्यानं वाचलं: "यंत्र अर्जदाराने स्वतः विकसित केले असून ते समाधानकारकरीत्या कार्यरत असल्याचे दिसून येते."

"दिसून येते म्हंजी?"

"म्हणजे... आहे. असं लिहायची पद्धत असते."

ती पद्धत खरी होती. आमच्या कार्यालयात कुणीच ‘आहे’ लिहीत नसे. ‘दिसून येते’ लिहिलं की उद्या काही निघालं तरी दोष दिसण्यावर जातो, बघणाऱ्यावर येत नाही. बत्तीस वर्षं मी प्रत्येक कागदाखाली ही पळवाट ठेवत आले होते आणि मला ती पळवाट आहे हे कधी जाणवलंही नव्हतं.

मथुराबाईंनी उलथनं बाजूला ठेवलं, पदराला हात पुसले आणि माझ्या कागदावर, बरोबर त्या शब्दांखाली, डाव्या हाताचं बोट टेकवलं.

"तुमी बगितलं का न्हाई?"

"बघितलं."

"मंग ‘हाय’ लिवा."

मी खोडलं. वर लिहिलं, "कार्यरत आहे." खाली सही केली, नाव लिहिलं, हुद्दा लिहिला. त्यांनी पुन्हा वाचून घेतलं, शेवटपर्यंत. मग कागद माझ्या हातात दिला आणि चहाला आधण ठेवलं.